हिच्या खोलीचं दार

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा दारं-खिडक्या बसवण्याचा, हा कागद पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले, कान शाबूत आहेत.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नीला. तिच्यानंतर घर कलम चारमधल्या व्यक्तीला.

२. अवजारं माझ्या जुन्या कारागिराला. दाराच्या फटीत बसवायच्या रबरी पट्ट्या मात्र फेकून द्याव्यात. पूर्वी आमच्या आळीत भिंती पातळ. एक दिवस आवाज आला नाही की पलीकडून विचारणा व्हायची, "काय हो, भांडण मिटलं की काय?" लोक वैतागले होते. मी रबर लावलेली दारं आणली. "आत भांडी आपटा, बाहेर कळणार नाही," असं सांगून आळीभर खपवली. त्यावरच हे घर उभं राहिलं. धाकट्या भावाच्या खोलीला तर फुकट बसवलं. तो कामाला होता तो छापखाना बंद पडल्यावर तो आतच राहू लागला. तो रोज रडायचा, हे मला त्याच्या वहीतून कळलं, दार तोडून त्याचं प्रेत बाहेर काढल्यावर. मी आठ पावलांवर झोपत होतो.

३. त्यानंतर हिनं बोलणं टाकलं. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर मेहुणा म्हणाला, "दाजी, चारचौघांत ताईला वेडी ठरवू नका." मी ऐकलं. तीन वर्षं गेली. आता डॉक्टर म्हणतात, फार उशीर केलात. मेहुण्याला माझी छत्री द्यावी. चारचौघांपासून तोंड लपवायला बरी पडेल.

४. हिच्या खोलीचं दार मी काढलं आहे. ते पुन्हा बसवू नये. माझ्यामागे रोज तिच्याजवळ तासभर बसेल, ती बोलली नाही तरी बसेल, त्याचं नाव इथे लिहायचं होतं. आळीत तिघांना विचारलं. तिघेही हो म्हणाले. एकानं विचारलं, "गच्ची धरून घर किती चौरस फूट भरेल, काका?" दुसऱ्यानं तिचं वय विचारलं. तिसरा बायकोशी बोलून कळवणार होता. म्हणून जागा रिकामी सोडली. वकील म्हणाले, "काका, कोरं ठेवता येत नाही. नाव घाला, नाहीतर रेघ मारा."

रेघ मारली आहे.

―――――――――――

सही: (दारवाले काका)

आमच्यादेखत सही केली:
१. औषधाचे दुकानदार
२. टपाल वाटणारे

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ ऑगस्ट, सकाळी अकरा