झिरोचा पहिला क्रेट

४ फेब्रुवारी

दादा हसला! दवाखान्यातून घरी आणल्यापासून पहिल्यांदाच. डॉक्टर तोंडावर म्हणाले होते, "यकृत संपत आलंय. यापुढे दारूचा थेंबही गेला, तर मला बोलवू नका." तेव्हापासून संध्याकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून बसायचा. आज आमच्या कारखान्यातली झिरो आणली — बिनदारूची बिअर. ग्लासातला फेस बघून म्हणाला, "चिमणे, देवमाणूस आहेस तू!" फुकटच मिळाली. मशीनवर साधी बिअर संपून झिरो सुरू झाली, की झिरोचे पहिले क्रेट विकायला जात नाहीत. आम्हीच वाटून घेतो. सुरुवातीला लेबलं वाकडी लागतात ना! लेबलं माझ्याचकडे, मला नाही कळणार तर कुणाला?

९ फेब्रुवारी

झिरोला काय मागणी! गाडी चालवणारे पितात, जिममधली पोरं पितात, डाएटवाल्या बायका पितात. आधी महिन्यातून कधीतरी काढायचो, आता एक दिवसाआड. म्हणजे आपली चैनच. पहिल्या क्रेटसाठी बाटल्या भरणारे गडी नुसते तुटून पडतात — फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! मीही कोपर मारून घुसते. मेले माझ्याकडे बघून हसतात.

१० फेब्रुवारी

दादा पोटभर जेवला. मागून वाढून घेतलं.

१७ फेब्रुवारी

वहिनीशी कडाक्याचं भांडण. म्हणे, "त्यांचे डोळे बघ. त्या तुझ्या बाटल्यांतच काहीतरी आहे." बाटली तिच्या नाकासमोर धरली. "शून्य लिहिलंय! वाचता येत नाही?" तिचा चेहरा पडला. पडू दे. नवरा कधी नव्हे तो माणसात आलाय, तर तेही बघवत नाही. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

२० फेब्रुवारी

दादा विचारत होता, "मशीनवरचा माल पुन्हा कधी बदलणार?" माझ्या कामाची आजवर घरात कुणी चौकशी केली नव्हती. बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत बाटल्या भरणाऱ्या एका गड्याला चिडवलं — "वाकड्या लेबलांसाठी एवढी मारामारी?" तो खो खो हसत सुटला. "लेबलं? अगं बाई, पाइपात आधीची बिअर उरलेली असते. झिरोच्या पहिल्या क्रेटात निम्मी कडकच जाते! उगाच भांडतो होय आम्ही? आम्हाला वाटलं, तुलाही चालते!"

पळत घरी आले. वहिनी बाहेर गेली होती. दादाला सगळं सांगितलं, त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "पहिल्याच घोटाला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर आणली असतीस?"

उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या. तो बघत होता आणि रडत होता. कशासाठी रडत होता, ते मला विचारवलं नाही. वहिनीला सांगायला हवं. आज जीभच रेटली नाही.

३ मार्च

रक्ताची उलटी. पुन्हा दवाखाना. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

५ मार्च

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दारू कोण आणून देत होतं?" दादाने डोळेही उघडले नाहीत. "कुणी नाही. मीच जायचो, चोरून." वहिनीने माझा हात धरला. "तुझ्यावर उगाच आळ घेतला गं." मी हात सोडवून घेतला नाही.