सहा टेबलं आणि पंधरा जोड्या

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. वाचली तर तो माणूस नीच आहे असं समजण्यात येईल.

मामाच्या मेणबत्तीच्या कारखान्यात सहा टेबलं आहेत. प्रत्येक टेबलावर एक माणूस बसून साच्यात मेण ओततो. मी मागच्या खोलीत. मेणबत्त्या पेटवायच्या आणि कोणती किती वेळ जळली ते लिहायचं. म्हणजे टेस्टिंग ऑफिसर. मामा नुसतं 'तो मागचा' म्हणतो.

चार नंबरच्या टेबलावर शिट्टी. हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. दिवसभर शिट्टी वाजवतो. एकच गाणं, तेही अर्धं. आज पाण्याच्या पिंपापाशी सगळ्यांसमोर मला म्हणाला, काय मौनीबाबा, आज तोंड उघडायचा बेत आहे का. सगळे हसले. पाच नंबरवाली मावशीपण हसली. पण ती माझी सख्खी मावशी आहे, त्यामुळे तिचं हसणं प्रेमाचं होतं.

मी उत्तर तयार केलं. एकदम जबरी. पण तोपर्यंत जेवणाची सुट्टी संपली.

४ मार्च, मंगळवार

आनंदाचा दिवस.

लग्नाच्या हॉलवाल्याने एक खोका परत पाठवला. मेणबत्त्या जेवणाच्या मध्येच विझल्या म्हणे. वर छापलंय चार तास, आणि टिकल्या साडेतीन. मामाने सगळ्यांना उभं केलं. म्हणाला, कोणाच्या टेबलाचा माल कच्चा आहे ते शोधतो, आणि सापडला की त्याच दिवशी घरी पाठवतो, मग कोणी रडत माझ्याकडे यायचं नाही.

शिट्टीची बायको गरोदर आहे असं मावशी सांगत होती. तो त्यांचा प्रश्न.

माझा प्रश्न चार नंबरचं टेबल. ते कोपऱ्यात आहे, तोंड भिंतीकडे. तिथे बसलं की कोणाचं तोंड बघावं लागत नाही, कोणी आपलं बघत नाही. आणि पिंप हाताशी, पाण्यासाठी पाच जणांसमोरून जावं लागत नाही. असली जागा त्या बडबड्याला काय करायची आहे?

मामाने मला सांगितलं, प्रत्येकाच्या आठ मेणबत्त्या पेटव आणि काय ते सांग. मला. बाकी कोणाला नाही सांगितलं.

५ मार्च, बुधवार

अठ्ठेचाळीस मेणबत्त्या एकदम. माझ्यापासून भिंतीपर्यंत सहा सरळ रांगा, एक रांग म्हणजे एक टेबल. फार शिस्तीत. शाळेत मला शिस्त नाही असं म्हणायचे. शाळेला माणसाची पारख नव्हती, म्हणून मी शाळा सोडली. उभं राहून मोठ्याने वाचायला लावायचे हे कारण नव्हतं.

खोलीची भट्टी झाली. पंखा आणून स्टुलापाशी ठेवला. ऑफिसर शिजून कसं चालेल?

६ मार्च, गुरुवार

सरासरी काढली. शिट्टीचा नंबर वरून तिसरा. सरासरीवर माझा कधीच विश्वास नव्हता.

मोबाईलवर एक कॅल्क्युलेटर सापडला. दोन रांगांचे आकडे टाकायचे. खाली हिरवं आलं तर फरक नुसता योगायोगाचा असू शकतो. लाल आलं तर फरक खरा. विज्ञान आहे.

शिट्टी आणि एक नंबर: हिरवं. शिट्टी आणि दोन: हिरवं. तीन, पाच, सहा: हिरवं, हिरवं, हिरवं. नेटवर्क खराब होतं बहुतेक.

मग म्हटलं, पूर्ण तपास करू. सगळ्यांची सगळ्यांशी जोडी लावली. पंधरा जोड्या होतात. चौदा हिरव्या. एक लाल. दोन आणि पाच. पाच म्हणजे मावशी. मावशीचा माल कच्चा.

हे शक्य नाही. मावशीने मला लहानपणी अंघोळ घातली आहे. पेटवतानाच काहीतरी चुकलं असणार. तो कागद मेण वितळवायच्या चुलीत टाकला. उद्या नवीन फेरी. वैज्ञानिकाने चूक कबूल करायला लाजू नये.

७ मार्च, शुक्रवार

सापडला!

दुसऱ्या फेरीत शिट्टी सगळ्यात खाली, एक नंबर सगळ्यात वर. मध्ये तेरा मिनिटं. जोडी टाकली आणि लाल. चांगलं रक्तासारखं लाल. बाकी चौदा जोड्या हिरव्या, पण त्यांची आता गरज नाही. मावशीपण हिरवी. कॅल्क्युलेटर आपोआप दुरुस्त झाला.

उद्या मामाच्या केबिनमध्ये जायचं. उभं राहून, डोळ्यात डोळे घालून, स्पष्ट सांगायचं: चार नंबर कच्चा आहे. बाथरूमच्या आरशासमोर तालीम केली. आईने बाहेरून विचारलं, आत कोणाशी भांडतोयस.

८ मार्च, शनिवार

केबिनपाशी तीनदा गेलो. पहिल्यांदा मामा फोनवर होता. दुसऱ्यांदा फोनवर नव्हता, पण आता येईल असं वाटलं. तिसऱ्यांदा एकटाच रिकामा बसला होता. माणूस एवढा रिकामा बसलेला असताना आत घुसणं बरं दिसत नाही.

शेवटी सगळं लिहून कागद दाराखालून सरकवला. हे जास्त ऑफिशियल आहे.

मामाने शिट्टीला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा शिट्टी बंद. आपल्या टेबलावर जाऊन बसला आणि रिकाम्या साच्याकडे बघत राहिला. मावशीने विचारलं, काय झालं रे. तो म्हणाला, सोमवारी कळेल म्हणाले साहेब.

मी आज जेवण दोनदा घेतलं.

९ मार्च, रविवार

मामाने घरी बोलावलं. टेबलाबद्दल बोलायचं असणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला.

तिथे मामाची मुलगी बसली होती. कॉलेजवाली. स्टॅटिस्टिक्स शिकते. तिला ताई म्हणायचं असं आईचं म्हणणं. दोनच वर्षांनी मोठी आहे, म्हणून मी तिला काहीच म्हणत नाही. माझा कागद तिच्या हातात होता. मामा म्हणाला, माणसाची भाकरी काढून घ्यायची तर एकदा हिला दाखवतो.

तिने पहिलाच प्रश्न विचारला, वर 'राउंड दोन' लिहिलंयस, मग राउंड एक कुठे आहे. मी म्हणालो, जळाला. हे शंभर टक्के खरं आहे.

मग विचारलं, किती जोड्या लावल्यास. मी बोटांनी दाखवलं. ती म्हणाली, अरे शहाण्या, एका जोडीत खोटं लाल यायची शक्यता शंभरात पाच. म्हणून तुला वाटलं लाल म्हणजे पक्कं. पण तू पंधरा वेळा बघितलंस. सहाही टेबलं अगदी सारखी असली तरी साधारण तीनातल्या एका खेपेला कुठेतरी लाल येणारच. पंधरा खिडक्यांतून डोकावलास तर एखाद्या घरात भांडण दिसणारच, म्हणून त्या घरावर बोर्ड लावायचा का. आणि तू तर दोन फेऱ्या केल्यास, म्हणजे तीस खिडक्या.

मी म्हणणार होतो की दुसऱ्या फेरीत मी एकाच खिडकीकडे बघत होतो. म्हणालो नाही. उलट उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही.

मग म्हणाली, याला अनोव्हा लावायला हवा. मला वाटलं तिची कोणी मैत्रीण. तर ती आकड्यांची एक चाचणी निघाली. जोड्या लावायच्याच नाहीत. सहाही टेबलं एकदम घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायचा: कुठेही काही फरक आहे का. टेबलाटेबलांत किती फरक आहे ते वर मांडायचं. एकाच टेबलाच्या आठ मेणबत्त्यांत आपापसात किती आहे ते खाली. मग भागायचं. वर्गात आधीच गलका असेल, ती म्हणाली, तर एकाचा आवाज जरा चढला म्हणून त्याला बाहेर काढत नाहीत. आधी गलका मोजतात.

भागाकार आला एकाच्या जरासा वर. अडीचच्या आसपास यायला हवा होता, तर काही बोलता आलं असतं.

मामाने विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, म्हणजे चार नंबरवाल्याच्या विरुद्ध काहीही नाही. तेरा मिनिटं दिसतायत, पण प्रत्येक टेबलाच्या स्वतःच्याच मेणबत्त्यांत पस्तीस मिनिटांचा फरक आहे. एकच माणूस, एकच मेण, एकच वात. हा गलका त्या माणसाने केला म्हणशील तर तो सहाही टेबलांवर बसत असला पाहिजे.

मामी हसली. चहा आणला. मी प्यायलो नाही. निषेध. नंतर प्यायलो, कारण गार होत होता.

शिकलेल्या लोकांचं हेच. सरळ लाल दिसतंय ते बघायचं नाही. भागाकार करत बसायचं.

१० मार्च, सोमवार

कॉलेजवाली कारखान्यात आली. कॉलेज बुडवून. तिच्या शिक्षणाचं काही खरं नाही.

माझ्या खोलीत, माझ्या स्टुलावर बसली. म्हणाली, गलका कुठून येतो ते बघायचंय. कागद घेऊन रांगा मोजत होती. अचानक म्हणाली, प्रत्येक रांगेतल्या पहिल्या दोन मेणबत्त्या सगळ्यात आधी विझल्यात, सहाही रांगांत, पहिल्या दोन कुठे असतात रे. मी सांगितलं, इथे, स्टुलाच्या बाजूला. तिचे केस उडत होते. तिने केस धरले आणि पंख्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

तिने पंखा बंद केला, दार लावलं आणि नवीन अठ्ठेचाळीस पेटवल्या. माझ्या सरळ रांगा मोडून सगळ्या टेबलांचा माल मिसळून ठेवला. मेणबत्त्यांच्या बुडाला नंबर लिहिले. कुठल्या टेबलाची कुठे ठेवायची यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. शिस्त म्हणून काही प्रकारच नाही.

खोलीत बसवेना. माझे कान भाजले. याची तक्रार कोणाकडे करायची ते विचार करून ठरवेन.

११ मार्च, मंगळवार

तिच्या फेरीचा निकाल. सगळी टेबलं चार तासांच्या वर. आपापसात चारपाच मिनिटांचा फरक. भागाकार एकाच्याही खाली. गलका गेला, म्हणाली, आणि आता ऐकलं तरी कोणाचाच आवाज वेगळा येत नाही.

मामाने हॉलवाल्याला फोन लावून विचारलं, तुम्ही मेणबत्त्या ठेवता कुठे. तर एसीच्या तोंडाशी. मामाने फोन ठेवला आणि म्हणाला, वारा तिथेही, वारा इथेही, आणि मी मात्र चांगल्या माणसाला तीन दिवस टांगणीला लावलं.

म्हणजे दोष हॉलवाल्याचा. मी सुरुवातीपासून वाऱ्याच्या दिशेनेच तपास करत होतो, फक्त तसं बोललो नव्हतो.

मामाने शिट्टीला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. आठ महिन्यांत त्या खुर्चीवर मला कधी बसवलं नाही. मग मला बोलावलं. म्हणाला, मागची खोली आता ही पोरगी शनिवारी येऊन बघेल. तू उद्यापासून चार नंबरला.

चार नंबर! मी मान हलवली. पुढचं वाक्य मला जरा उशिरा कळलं. चार नंबरला म्हणजे चार नंबरच्या हाताखाली. वाती धरायला.

तरीपण टेबल तेच आहे. कोपरा तोच. अर्धी लढाई जिंकली.

१२ मार्च, बुधवार

कोपऱ्यात दोन माणसं मावत नाहीत. त्यामुळे मी कोपऱ्याच्या बाहेर, तोंड सगळ्यांकडे. पाच जण समोर. दिवसभर.

काम असं. साच्याच्या मधोमध वात ताणून धरायची, तो मेण ओततो. हात हलला की वात वाकडी, वात वाकडी की मेणबत्ती एका बाजूने जळते. माझा हात हलला. तो म्हणाला, श्वास सोड आणि मग धर. मला शिकवतोय. आठ महिने मी याच्याच मेणबत्त्या तपासल्यात.

श्वास सोडल्यावर हात हलायचा थांबला. योगायोग.

जेवणाआधी त्याने ओतायचं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला, तो कागद तू सरकवलास ना. मला साहेबांनी नाही सांगितलं, मीच पाणी पिताना तुला त्यांच्या दारापाशी वाकलेलं बघितलं. शनिवार-रविवार घरी काय सांगावं कळेना, बायकोला म्हटलं पोट दुखतंय म्हणून जेवत नाही. मी तुझं काय वाकडं केलं होतं रे?

आणि थांबला. खरंच थांबला. मला बोलायला जागा ठेवून.

माझ्याकडे खूप होतं. मौनीबाबा होतं. पिंपापाशी सगळे हसले ते होतं. तारखांसकट होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली अजून एक वाक्य होतं, छोटंच, ते तर आधी कधी तयारही केलं नव्हतं.

पण माझ्या दोन्ही हातांत वात होती, आणि वात धरताना बोलू नये, हात हलतो.

तो अजून थोडा थांबला. मग भांडं उचललं.

दुपारी हात मोकळे होते. त्याच्या शेजारीच उभा राहिलो, संध्याकाळपर्यंत, मुद्दाम जवळ. त्याने परत विचारलं नाही.