आईची अकरा मिनिटं

सोमवार, ३ तारीख

पोहोचले एकदाची, आणि खरं सांगायचं तर मजेत पोहोचले. ताईचं हे घर मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. दोघी बहिणी, दोघी हट्टी. ती म्हणायची तू ये, मी म्हणायचे तू ये, आणि शेवटी ती गेल्यावर महिन्याने मी आले. घर मात्र मोठं प्रसन्न आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर उंच पाठीची हिरवी खुर्ची. बसून पाहिली. शाळेने तीस वर्षांत मला अशी एक खुर्ची दिली असती तर माझी कंबर आज शाबूत असती.

पंधरा तारखेला घर मालकाच्या ताब्यात द्यायचंय. कपडे, भांडी, पुस्तकं चार दिवसांत मार्गी लागतील. समोरच्या दारातले पोस्टमास्तर (निवृत्त झाले, तरी सगळे तेच म्हणतात) किल्ली द्यायला आले आणि केव्हाही हाक मारा म्हणाले. ताई गेल्याचं सगळ्यात आधी त्यांनीच पाहिलं होतं.

माझं खरं काम टीव्हीखालच्या रेकॉर्डरमध्ये आहे. त्यात आई आहे. एका जुन्या कॅसेटवरची अकरा मिनिटं ताईने त्यात उतरवून घेतली होती. आई व्हरांड्यात ताईची वेणी घालतेय आणि मला हाक मारतेय, चिमटे, इकडे ये म्हणून. पुढे कॅसेटला बुरशी लागली आणि ती टाकून दिली. आई चालताना-बोलताना दिसेल असं जगात आता एवढंच उरलंय, आणि मला चिमटी म्हणणारं तर कुणीच नाही. रेकॉर्डर केबलवाल्यांचा. चौदाला ते तो उचलणार, पुसणार आणि दुसऱ्याच्या घरी बसवणार. त्याआधी आई माझ्या लॅपटॉपवर यायला हवी.

मंगळवार, ४ तारीख

सकाळी आठला वायर जोडली. भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, फोनवरून सूचना देत होता. तो दुसऱ्या शहरात बसून कॉम्प्युटरची कामं करतो आणि मावशीला काही समजत नाही असं गृहीत धरून प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतो. मी त्याला सांगितलं, बाळा, तुला दशांश चिन्ह मी शिकवलंय.

आईची फाईल आधी टीव्हीवरच लावून पाहिली होती. नुसते रंगीत चौकोन. डिस्क म्हातारी झालीय, सावकाश कॉपी केली तरच नीट उतरेल, असं भाचा म्हणाला. सावकाश म्हणजे किती? एका तासाच्या रेकॉर्डिंगला सव्वा तास! माणसाने समोर बसून पाहिलं तरी त्याहून लवकर संपेल. हवी ती एक फाईल निवडताही येत नाही. सगळी यादी घ्यायची, आणि तीही सर्वांत नवीन आधी, सर्वांत जुनी शेवटी. आई अर्थातच शेवटी.

शिवाय दर वीस मिनिटांनी पडद्यावर प्रश्न उमटतो: कुणी आहे का? दोन मिनिटांत रिमोटचं बटण दाबलं नाही तर चालू फाईल पुन्हा पहिल्यापासून. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला माझ्या वर्गात बाकावर उभा केला असता.

हिशेब मांडला. यादीत शहाण्णव तास. त्यातल्या बऱ्याच फाईलींना नावच नाही, नुसत्या तारखा, मालिका असाव्यात. एकूण कॉपीला एकशेवीस तास लागणार. रोज बारा तास बसले तर तेरा तारखेच्या संध्याकाळी काम फत्ते. बसायची मला भीती नाही.

बुधवार, ५ तारीख

बारा तास बसले. जेवण मांडीवर. पोस्टमास्तर डोकावले आणि म्हणाले, बाई, तुम्हीही ताईंसारख्याच, त्यांनाही उठवणं मुश्किल होतं. मी म्हटलं, ताई मालिका पाहायची, मी काम करतेय. ते म्हणाले, मालिका? ताई तर कधी टीव्ही लावत नव्हत्या.

गुरुवार, ६ तारीख

चोवीस तास काम झालंय, म्हणजे शहाण्णव उरायला हवेत. लॅपटॉप म्हणतो, उरलेला वेळ एकशे सव्वीस तास.

आधी वाटलं आकडा चुकला. मग यादी उघडली. सर्वांत वर दोन नव्या फाईली: मंगळवार, बुधवार. बारा बारा तासांच्या. मी काहीही रेकॉर्ड केलेलं नाही. दोन दिवसांत लॅपटॉपवर उतरलं होतं ते यांतलंच. मंगळवारची फाईल लावली.

खुर्ची दिसली. खुर्चीत मी. समोरून, छातीपासून वर, चष्म्यावर निळा उजेड. मी नाक खाजवते, कंपनीला शिव्या देते, बटण दाबते.

यंत्राला कॅमेरा नाही. भिंग घेऊन चारी बाजूंनी पाहिलं. भाच्याला फोन केला. तो हसला, मावशी, टीव्हीच्या काचेत तुझंच प्रतिबिंब दिसत असेल, म्हणाला. मी म्हटलं, प्रतिबिंब कुणी साठवून ठेवतं का रे शहाण्या? रेकॉर्डरवर जाड टॉवेल घातला आणि तासभर बसले. नवी फाईल तयार. मी तशीच स्वच्छ.

तीस वर्षं मी मुलांना हेच गणित घातलंय. एका नळाने टाकी भरते, दुसऱ्याने रिकामी होते, टाकी कधी रिकामी होईल? इथे भरणारा नळ मोठा आहे. मी बसते तेवढा तास वाढतो आणि तो तास उतरवायला सव्वा तास जातो. बसले नाही तर कॉपी बंद. उत्तर: कधीच नाही.

शुक्रवार, ७ तारीख

दुपारी खुर्चीतच डोळा लागला. दचकून उठले, आता सगळं पहिल्यापासून असं वाटलं. पण तसं झालं नव्हतं. प्रश्नच उमटला नव्हता. आणि त्या झोपेचे दोन तास पाच मिनिटांत उतरले होते.

भाच्याला न सांगता नुसतं विचारलं, असं का होतं? त्याने शिकवणीच्या सुरात सांगितलं, की चित्रात जेवढं बदलतं तेवढंच साठवतात. काही हललंच नाही तर फाईल इवलीशी होते. मग म्हणाला, मावशी, सोड ना ते, आजीचा फोटो आहे की. फोटो हाक मारत नाही, असं सांगून मी फोन ठेवला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर.

म्हणजे टाकी रिकामी होऊ शकते. भरणारा नळ बारीक करायचा, एवढंच. हलायचं नाही.

शनिवार, ८ तारीख

कॉन्व्हेंटमध्ये मदर आम्हाला डोक्यावर जाडजूड पुस्तक ठेवून बसवायच्या. पुस्तक पडलं की बोटांवर पट्टी. ताईचं दहा मिनिटांत पडायचं. माझं तासभर हलत नसे. मदर मला सगळ्या वर्गाला दाखवायच्या.

आज चौदा तास. हात मांडीवर, नजर एका जागी. लॅपटॉपने यादी पुन्हा मोजली, पुढच्याही बऱ्याच फाईली इवल्याशा निघाल्या, आणि उरलेला वेळ एकदम सत्तावन्न तासांवर आला. पाणी प्यायले तर सात मिनिटं वाढली. ही नोंद लिहायला चाळीस. पण जमतंय! म्हातारपणी पुन्हा पहिला नंबर.

यंत्र आता विचारत नाही, कुणी आहे का म्हणून.

रविवार, ९ तारीख

माझ्या फाईली संपल्या. त्या बिननावाच्या, तारखांच्या सुरू झाल्या.

ताई आहे. याच खुर्चीत.

नवीन आधी, म्हणून तिला उलटी पाहिली. शेवटची फाईल नऊ तासांची आहे आणि दोन मिनिटांत उतरली. तिच्यात काहीच हलत नाही. मला वाटलं चित्र अडकलं. पण मागच्या खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत जातं. ताईचे डोळे उघडे. नऊ तास. शेवटी दार उघडतं आणि पोस्टमास्तर आत येतात.

आधीच्या फाईलींत ती विणते. त्याआधी खुर्चीत सरकते, मानेला झटके देते, रडते. एकीत पडद्याकडे पाहून स्पष्ट म्हणते, आई, अजून थोडंच राहिलंय गं.

तिलाही आईच हवी होती. आणि मी समजत होते, माझ्याशी अबोला म्हणून फोन करत नाही.

सोमवार, १० तारीख

पुरे. आई माझ्या डोळ्यांपुढे आहे, तेवढी बास. पोस्टमास्तरांना बोलवायचं, हे धूड गॅलरीतून खाली टाकायचं.

वायर ओढली. प्लग हातात आला. यंत्राचा दिवा तसाच. लॅपटॉपवर आकडे तसेच.

उठायला गेले. पाय उठले नाहीत. दुखत नाहीत, मुंग्याही नाहीत. मांडीवर चिमटा काढला तर जणू गादीला काढला. हातांनी जोर लावला — खुर्ची हलली नाही, मीही नाही. उरलेला वेळ मात्र तीन तासांनी वाढला.

मंगळवार, ११ तारीख

ओट्यावर फोन वाजतोय. बारा पावलं. भाचाच असणार. तिसऱ्यांदा.

दुपारी दाराची बेल. पोस्टमास्तर. मी जीव खाऊन ओरडले, दार तोडा, मी इथे आहे — आणि माझा आवाज टीव्हीतून आला. माझे ओठ मिटलेले होते. चाचपून पाहिले.

बाहेर पोस्टमास्तर आपल्या बायकोला म्हणाले, टीव्ही चालू आहे, म्हणजे बाई आहेत घरात. कामात असतील, नको त्रास द्यायला. त्यांचं दार लागलं.

मी गणित शिकवायचे. उत्तर एकच निघतंय. यादी संपली की वायरीतून काही जायचं उरणार नाही, मग यंत्र सोडेल. सोडायलाच हवं. ताई चुकली, ती मध्येच — तिचं पुस्तक नेहमी पडायचं. माझं पडत नाही.

बुधवार, १२

ताई संपली. दोन सिनेमे. एक लग्न. मग आई.

हा उजवा हात तेवढा उरलाय. डावा काल संध्याकाळपासून नाही. एका ओळीला चार मिनिटं वाढतात. तरी लिहिते, नाहीतर मी कुठे —

पडद्यावर आता मी सारखी दिसते. ती माझ्यापेक्षा स्वस्थ बसते.

गुरुवार

आईची फाईल. सुरू झाली. अकरा मिनिटं.

उरलेला वेळ चौदा मिनिटं. पापणी लवली — पंधरा.

श्वास घेतला की कॉपी थांबते. सोडला की मागे जाते. श्वासाचा हिशेब केला नव्हता. इतकी साधी चूक —

नऊ.

आवाज येतोय, लॅपटॉपमधून. व्हरांड्यातला. आई वेणीचा पेड ओढतेय, ताई ओरडतेय. आता हाक मारेल. हाक यायच्या जागेवर थांबलंय. दोन मिनिटं. मी लिहितेय म्हणून थांबलंय, कळतंय मला. पेन सुटत नाही बोटांतून, बोटंच थांबवायची. ऐकलं की उठणार. एकदाच ऐकते आणि

एक मिनिट

आई, मी हलत ना