अज्ञात इसम

१८ नोव्हेंबर

आज चौदा किलोमीटर! घर ते छत्री तलाव आणि परत. डॉक्टरांनी शुगरसाठी सायकल सांगितली तेव्हा वाटलं होतं, लोक हसतील. पन्नाशी उलटलेला वकील, डोक्यावर लाल हेल्मेट. हसतातच. हसू देत.

तलावाच्या चढावर दम लागला. उतरून सायकल ढकलली — आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही असं पाहून. इर्विन चौकात मोर्शीकडची संत्री उतरत होती, वास रस्ताभर. पोहेवाला एका हातानं कढईला उदबत्ती ओवाळत होता आणि तोंडानं दूधवाल्याला शिव्या देत होता. दोन्हीत मन सारखंच लागलेलं.

परतताना शाळेच्या कुंपणाशी झाडूवाली बाई हातगाडीला टेकून चक्क झोपलेली! झाडू मांडीवर. सकाळची वेळ, अख्खं शहर कामाला लागलेलं. थांबलो, फोटो काढला. कॉलनीच्या ग्रुपवर मी रोज 'सकाळची फेरी' म्हणून एक निरीक्षण टाकतो, तिथं टाकला. खाली लिहिलं — 'आपला कर इथे झोपा काढतो.' वाक्य जमलंय.

१९ नोव्हेंबर

एकसष्ट अंगठे! आजवर इतके कधी नव्हते. शेजारचा किशोर म्हणाला, "वकीलसाहेब, फोटो वरपर्यंत पोचवला मी. आता पाहा मजा."

बायकोला दाखवला. चारुतानं फोटो मोठा करून पाहिला. म्हणाली, "चप्पल बघा तिची. दोरीनं बांधलीय." मी म्हटलं, चपलेचा इथे काय संबंध? तिनं फोन परत दिला आणि भाजी चिरायला गेली.

२२ नोव्हेंबर

किशोरचा मेसेज — 'कारवाई झाली. बाईला कामावरून कमी केलं.' खाली टाळ्याच टाळ्या.

आधी बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, इथे तरी खोटं बोलायचं नाही. 'कमी केलं' म्हणजे नेमकं काय, हे दुपारी कोर्टात बसल्यावर डोक्यात शिरलं. मग तारखेकडे लक्षच लागेना.

२३ नोव्हेंबर

मुद्दाम त्याच रस्त्यानं गेलो. कुंपणाशी दुसरी बाई होती, मनकर्णा. विचारलं, आधीच्या बाई कुठे गेल्या?

"बेबीताई? काढलं तिले. कोण्या मेल्यानं फोटू काढला तिचा."

मी म्हटलं, पण झोपल्या होत्या ना त्या? तिनं झाडू थांबवला.

"पाचले पयली हजेरी लागते साहेब. सव्वासहाले झाडून झालं होतं तिचं. पन दुसरी हजेरी सातले. मुकादम आल्याबिगर घरी जाता येते काय? मंग बसाव नाई त काय कराव मानसानं?"

घरी येऊन मूळ फोटो उघडला. वेळ सहा बावन्न. बाईच्या मागे अख्खा रस्ता लख्ख झाडलेला, कचऱ्याचे ढीग ओळीनं लावलेले. एकसष्ट जणांपैकी कुणाला दिसला नाही. आणि मी तर तिथं उभा होतो!

लाज वाटते. फार लाज वाटते.

२४ नोव्हेंबर

ग्रुपवरून फोटो काढून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२६ नोव्हेंबर

मनकर्णाबाईंकडून पत्ता घेऊन वडाळीला गेलो. 'तो फोटो मी काढला, माफ करा' — रस्ताभर पाठ केलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं. एक कुत्रं दचकलं. दारात पोचलो आणि तोंडातून निघालं — "मी वकील आहे. तुमचं कळलं, म्हणून आलो."

बेबीताईंनी क्षणभर पाहिलं. "बसा," म्हणाल्या. नवरा नाही. लेक माया अकोल्याला दिलेली, ती बोलावते आहे. "पन तिच्या सासूच्या घरी मी किती दिस राहू? दोन दिसाची पावनी बरी." आठ-दहा दिवसांत काही झालं नाही तर सफाईचा ठेकेदार त्या जागी दुसरी बाई कायम करणार, म्हणजे अकोल्याशिवाय गत नाही.

"वकील हा त मंग अर्ज लिहून द्या."

लिहिला. सव्वीस वर्षांचा हात, आपोआप चालला — 'एका अज्ञात इसमाने सदर छायाचित्र काढून...' वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवलं.

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे... कोण ते माहीत नाही असा."

"हं. राहू द्या मंग तसंच."

आणि सही केली, चौथीच्या पुस्तकातल्यासारखी, गोल गोल. मी चहाही घेतला! गोड होता, शुगर असून पूर्ण प्यायलो. नको म्हणायला तोंड कुठे होतं?

२९ नोव्हेंबर

अर्ज घेऊन हजेरी शेडवर. मुकादम नत्थुजी माणूस सरळ वाटला. अर्ज दोनदा वाचला.

"वकीलसाहेब, फिरत आलेल्या फोटूवर वेळ कुठी हाय? सहाचा असन त बाई कामचुकार. सातच्या आसपासचा असन त बाई बराबर. ज्यानं काढला त्याले आना, त्याच्या मोबाइलात टाइम असन. मी सोता ठेकेदाराले सांगतो."

फोन माझ्या खिशात होता. सहा बावन्न खिशात होतं! मी म्हटलं, "बघतो." अशिलांना म्हणतो तसं.

३० नोव्हेंबर

पंचवटीच्या बाजूनं फिरून आलो. तिकडे चढ नाही. बेबीताईंचा रस्ताही नाही.

१ डिसेंबर

सायकल काढलीच नाही. कशाला भितो आहे मी? कॉलनी हसेल म्हणून? बार रूममध्ये चर्चा होईल म्हणून? एका बाईचं पोट एकीकडे, आणि दुसरीकडे काय, तर माझी 'सकाळची फेरी'! कोर्टात उलट तपासणीत भल्याभल्यांना घाम फोडतो आणि स्वतःच्या नावाची तीन अक्षरं लिहिता येत नाहीत.

चारुताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता?"

२ डिसेंबर

झालं! सकाळी नत्थुजींना फोन दाखवला. अर्जातला 'अज्ञात इसम' खोडला, वर माझं नाव, पत्ता, सही. ते नुसतं "बरं" म्हणाले. ग्रुपवरही स्वच्छ लिहिलं की चूक माझी होती. अंगठे चार. किशोर म्हणाला, "कशाला ओढवून घेता साहेब?"

संध्याकाळी नत्थुजींचा फोन — परवापासून बाई कामावर. चारुतानं पानात एक पोळी जास्त वाढली. इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. उशीर झाला, पण शेवटी माणूस म्हणून बरा निघालो.

५ डिसेंबर

बेबीताई कुंपणाशी बसल्या होत्या, रस्ता झाडून झालेला. सायकलवरून उतरलो आणि सांगून टाकलं — तो फोटो मी काढला होता.

"मायती हाय," त्या म्हणाल्या. "मी झोपली नोती साहेब, डोये मिटून बसली होती. तुमचा ब्रेक वाजला, तवाच पायलं तुमाले."

मग त्या दिवशी घरी आलो तेव्हा बोलला का नाहीत?

"तुमी कागद घेतला ना हातात. म्हटलं, पाहू, काय लिहितात."