टेकूखालची जागा

ती. दादास,

तुझा पत्ता सहा वर्षांत आम्ही कुणी विचारला नाही, तरी लिहितोय.

आज फडताळ करायला शेडमागची एक जुनी फळी ओढून काढली. आपल्या त्याच बोटीच्या तळाची. तिला समुद्राचा किडा लागून पाणी शिरलं आणि "थोरल्यानं रंग पातळ केला" म्हणत अण्णांनी तुला घराबाहेर काढलं होतं. फळी खरवडून पाहिली. तुझा रंग जाड, शाबूत. फक्त वीतभर चौकोन कोरा, आणि तेवढ्याच चौकोनाची किड्यानं चाळण केलेली. मी टेकू आणून त्यावर ठेवला. तंतोतंत बसला.

बोट टेकूंवर उभी असते तेव्हा त्यांच्याखालची जागा रंगवायची राहते. म्हणून रंग वाळला की तू सांगायचास, "टेकू सरकव, खाली हात मार." मी न सरकवताच "मारला" म्हणायचो. तू कधी वाकून पाहिलं नाहीस. वीतभर जागेनं काय होतंय, असं वाटायचं रे मला. आईशप्पथ, एवढंच.

आत्ता अण्णा आत आले. त्यांनी फळी बघितली, टेकू बघितला, माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तोच म्हणाले, "जाळून टाक ती. मी तेव्हाच पाहिली होती."

अण्णांचा लाडका,
तुझा धाकटा