वाळुंजाची जुडी

२५ जुलै

प्रिय बोझेन्का,

घराचा जिना, स्वयंपाकघरातली फरशांची चूल, आईचा पलंग, मधमाश्यांच्या पेट्या आणि आता ही सपाट बुडाची नाव, सगळं मी या हातांनी केलं, कुणाकडेही शिकायला न जाता. जिन्याची एकही पायरी करकरत नाही, हे तूही मान्य करतेस. बाकी आम्ही बरे आहोत. यंदा चेरी लवकर संपल्या.

काल आईचा नामदिवस, तिच्या नावाच्या संताचा सण. तिला नावेतून काझिमिएशला नेलं. तू नको म्हणाली होतीस. काही कमी-जास्त झालं तर आईला कायमची ग्दान्स्कला घेऊन जाईन, असंही म्हणाली होतीस. म्हणून आधीच सांगतो, ती सुखरूप आहे. पाय तेवढे भिजले.

व्हिस्वा नदी या उन्हाळ्यात फार उतरली आहे. कोळ्यांनी नेहमीसारख्या काठ्या रोवल्या आहेत. वाळुंजाच्या फांद्यांची जुडी बांधलेली काठी उजव्या हाताला ठेवायची, बोडकी डाव्या. चर्चचे मनोरे दिसायला लागले आणि एक काठी बोडकी समजून मी डावीकडे ठेवली. नाव वाळूवर चढली आणि खोल पाण्याच्या ऐन तोंडाशी आडवी झाली. मागून रोमुआल्डची पर्यटकांची बोट प्रवाहाबरोबर येत होती. तशी बोट झटकन थांबत नाही.

"झेनू, जुडी दिसली नाही का तुला?" आई म्हणाली.

"ऊन डोळ्यांवर येतंय."

"ऊन पाठीमागे आहे."

भोंगा वाजत होता. मी बांबू रेटत होतो, तो नुसता वाळूत रुतत होता. आई नावाड्याची मुलगी. तिने झगा खोचला आणि पाण्यात उतरली. "मला शिकवू नकोस. मी म्हणेन तेव्हा रेट," म्हणाली आणि खांदा लावला. नाव सुटली. आईला कसंबसं वर ओढलं, तोच रोमुआल्डची बोट इतक्या जवळून गेली की लाट आत आली. तो वरून ओरडला, "काय मिस्त्री, या वयात आईला पोहायला शिकवताय?" सगळे पर्यटक हसले.

चौकात आम्ही बिटाचं गार सूप घेतलं. आईने कोंबड्याच्या आकाराच्या पावाची मान मोडून माझ्या हातात दिली.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

समोर बघतो तिथे मधोमध डाग असतो, कडेचं दिसतं. रंधा बोटांनी चाचपून मारतो. ती म्हणाली, "बोझेन्काला तू लिहितोस की मी फोन करू?"

येताना सुकाणू तिच्याकडे होतं. ती सांगेल तिथे मी बांबू रेटला. घरापर्यंत बूड कुठे घासलं नाही.

तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. पण आईला नेऊ नकोस. चूल तिला पेटवता येते, जिना तिच्या पायाखालचा आहे. ओळी तिरक्या गेल्या असतील. पुन्हा लिहिल्या नाहीत.

आणखी एक, तिच्याकडून कळण्याआधी. सूप संपायच्या आत रोमुआल्ड आमच्या टेबलाशी येऊन बसला. या वेळी हसला नाही. "आता तुम्हाला ती नाव कशाला हवी, मिस्त्री?" म्हणाला. आई माझ्याकडे बघत राहिली. नावेचे रोख चाळीस हजार झ्लॉटी देत होता. मी नाही म्हटलं.

तुझा भाऊ,
झेनॉन