कुलूपवाल्याने उघडलेली भाजी

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण दुकानाचं शटर मी अजून एका दमात वर नेतो. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे, आणि हसणार असशील तर इथेच घडी घालून ठेवून दे.

आमच्या वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, हे तुला मागे लिहिलं होतं. (तीनदा लिहिलंस, असं म्हणशील. असेल.) त्यांच्या कपाटाचं कुलूप मी दोनदा दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा ते बिघडलेलं नव्हतंच. तरी मी ते खोलून, तेल घालून परत बसवलं. काल त्या खाली आल्या आणि माझ्या कामाच्या टेबलावर, कानशी आणि किल्ल्यांच्या मधोमध, एक भाजी ठेवून गेल्या. आर्टिचोक म्हणतात म्हणे. मुठीपेक्षा मोठी, हिरवी, अंगभर खवले आणि खवल्यांच्या टोकांना काटे. भाजी आहे की हत्यार, तेच कळेना. वर म्हणाल्या, तुम्ही काहीही उघडता, हेही उघडा. शनिवारी संध्याकाळी मी जेवायला येते.

ताई, मला अंडं उकडता येतं आणि भात, तोही कधीकधी. आणि शनिवारी मला त्यांना एक विचारायचं आहे. काय ते तुला कळलंच असेल. ही भाजी फसली तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. वसतिगृहाच्या मुलींना तू इतकी वर्षं रांधून घालतेस, तुला येत नाही असं काही नसणारच. कृती ताबडतोब कळव.

माया आहेच, हसून झाल्यावरही ती असू द्यावी.

तुझा धाकटा


दि. ५ मार्च

चि. किल्लीबहाद्दर यास,
अ. उ. आ.

हसले. घडी घालायच्या आधीच हसले. मुलींनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, माझ्या भावाला पन्नाशी उलटल्यावर कंठ फुटतोय.

आर्टिचोक न यायला काय झालं? माझ्या डाव्या हातचा मळ आहे तो. असल्या सगळ्या नखरेल भाज्यांचं एकच तंत्र असतं: वरची टरफलं टाकायची, खालचं देठ टाकायचं आणि जे सगळ्यात आत जपून ठेवलेलं असेल ते खायचं. ऐवज असल्याशिवाय कुणी कुलूप लावतं का, तूच सांग! तो ऐवज काढ, लोण्यावर परत, मीठ-मिरपूड घाल, झालं. वाढताना भेदरलेलं तोंड करू नकोस. रांधणाराच घाबरला की खाणाऱ्याला आधी शंका येते आणि मग भूक जाते.

आता थट्टा पुरे. तुझी बायको गेल्यापासून मला वन्सं म्हणणारं कुणी उरलं नाही. ती म्हणायची ते बहुतेक भांडतानाच, पण म्हणायची. त्या हाकेची मला फार आठवण येते रे. तेव्हा तुझ्या काळजीपोटी नव्हे, माझ्या स्वार्थापोटी सांगते: शनिवारी विचार. साऱ्या गल्लीची कुलपं उघडतोस आणि स्वतःचं तोंड तेवढं बंद ठेवतोस, हे बरं दिसत नाही.

आशीर्वाद भरपूर आहेत. अक्कल तुझी तू वापरावीस.

तुझी ताई


दि. ८ मार्च, शनिवार दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उघडली! टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक खवला काढून ओळीने मांडत गेलो, जुन्या कुलपाचे भाग मांडतो तसाच, म्हणजे वेळ आली तर पुन्हा जोडता येईल. खवले म्हणजे नुसता बाहेरचा डबा. जाड आणि दांडगे. त्यांच्या आत मात्र फिकट, मऊ, बारीक तंतू अगदी दाटीवाटीने बसवलेले. इतक्या बंदोबस्तात ठेवलेत म्हणजे तोच तुझा ऐवज! चिमट्याने सगळे वेचून घेतले. त्यांच्या खाली एक जाडसर वाटीसारखं बूड निघालं. सगळे भाग ज्या पत्र्यावर बसवतात तसला पत्रा असणार, म्हणून देठासकट केरात टाकलं. ऐवज मूठभरही भरला नाही, पण भारी वस्तू थोडकीच असायची.

शर्ट इस्त्री केला आहे. तुटलेलं बटण मुद्दाम तसंच ठेवलंय, म्हणजे बोलायला विषय निघेल.

लोभ वाढवलास तर आज मला त्याची गरज आहे.

तुझा धाकटा


दि. १० मार्च

ती. _______
सा. न. वि. वि.

मी वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली. आपली ओळख नाही, पण तुमचं पाच तारखेचं पत्र मी वाचलं आहे. तुमच्या बंधूंनी स्वतःच वाचायला दिलं; मी कुलूप फोडलेलं नाही.

शनिवारी त्यांनी बशीत परतलेले तंतू वाढले. वाढताना छाती अशी पुढे काढली होती की मला वाटलं, हे असंच खात असणार. पहिल्याच घासाला घशात लोकर अडकली. मी खोकू लागले, तेही खोकू लागले आणि त्या खोकल्यातच त्यांनी मला ते विचारून टाकलं. मला बोलता येईना. पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवून मी जोरजोरात मान हलवली. तो त्यांनी होकार धरला आणि आनंदाने खालीच बसले. पाणी द्यायचं राहूनच गेलं. शेवटी मीच उठून घेतलं.

पाणी पिऊन आधी गैरसमज दूर करणार होते. मग त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी, मिशीत भाजीचे केस, शर्टाला बटण नाही. म्हटलं, राहू दे. खोकला नसता तरी मान मी तशीच हलवली असती. एकटीने जेवायचा मलाही कंटाळा आला आहे.

ती भाजी मला एका गिऱ्हाईकाने दिली होती. हिचं करायचं काय ते मला कळेना, म्हणून मी ती खाली ढकलली. काल गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं तेव्हा कळलं, की तंतू तेवढे टाकायचे असतात आणि बूड खायचं असतं. आमचा ऐवज केरात गेला. तुम्हाला आर्टिचोक येत नाही, हे मी ह्यांना सांगणार नाही. त्यांचा तुमच्यावर अजून विश्वास आहे. गप्प राहायची किंमत म्हणून तुम्ही आठवडाभर इथे राहायला या आणि तुम्हाला खरोखर येतं ते रांधा.

वर नावाची जागा कोरी सोडली होती, कारण लिहायला घेतलं तेव्हा हात धजावत नव्हता. आता बटण लावून झालं आहे आणि पत्रही संपत आलं आहे. ती जागा भरून वाचा, वन्सं.